आरासेलीचा पत्ता

माझी धाकटी बहीण एउलालिया हिचा थोरला मुलगा बेनितो सरहद्दीपलीकडे, अमेरिकेत असताना वारला. वय चार वर्षांचं. सफरचंदाच्या बागांना पाणी देणारा मोठा पाट होता, त्यात पडला. एउलालिया आणि तिचा नवरा क्रेसेन्सिओ, म्हणजे आमचा चेन्चो, दोघंही तेव्हा शिडीवर चढून फळं तोडत होते. खाली सावलीत पोरं खेळताहेत अशा समजुतीत होते.

त्याला तिथल्याच कबरस्तानात पुरलं. मयत गावी पाठवता आलं असतं, पण त्याच्यासोबत यायचं तर पुन्हा आत जायची वाट बंद, कारण दोघंही कागदांशिवाय राहत होते. एकट्या पोराला पेटीत घालून पाठवायचं एउलालियाच्या जिवावर आलं. "इथं मी रोज त्याच्यापाशी बसेन," असं ती तेव्हा मला फोनवर म्हणाली होती. धाकटी आरासेली त्या वेळी दोन वर्षांची होती. ती तिथंच जन्मलेली, त्यामुळे जन्मापासून तिकडची नागरिक. घरात आता अशी ती एकटीच.

पुढं तीन वर्षं एउलालिया खरंच रोज बसली. मग एके दिवशी गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलिसानं चेन्चोला अडवलं आणि महिन्याभरात त्याला सरहद्दीबाहेर काढलं. एकट्या बाईला पोर घेऊन तिथं भाडं आणि पोट दोन्ही जमेना. ती आली. आमच्या गावच्या थांब्यावर बसमधून उतरली तेव्हा पाच वर्षांची आरासेली तिचा हात धरून होती आणि मी मिठी मारायला गेले तर एउलालिया म्हणाली, "हेर्मिनिया, मी पोराला तिथं टाकून आले गं." त्यानंतर कितीतरी दिवस ती दुसरं काही बोललीच नाही.

आमच्याकडं शरदात मेलेल्यांचे दिवस येतात. गेलेली पोरं एक दिवस आधी येतात, मोठी माणसं दुसऱ्या दिवशी. प्रत्येक घर दारापासून आतल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतं, धूप जाळतं, गेलेल्याला जे आवडायचं ते मांडतं. एउलालियाही सगळं करायची. पण तिची वाट घराच्या दारात संपायची नाही. ती पाकळ्या टाकत टाकत अंगणाबाहेर, रस्त्यावर, देवळाच्या पुढं, पार डांबरी सडकेपर्यंत जायची. टोपलीतली फुलं संपली की तिथंच उभी राहायची.

"पुरे की आता," चेन्चो म्हणायचा. "मेलेल्यांना काय नकाशा लागतो?"

"तुला काय ठाऊक? तू मेलायस का कधी?"

"तुझ्या हातचा मिरच्यांचा मोले खाऊन दोनदा मरता मरता वाचलोय."

ती हसायची नाही. "त्यानं हे गाव बघितलेलंच नाही, चेन्चो. आमच्या आईबापाला हे घर माहीत आहे, ते येतील. तो कुठं येणार? त्याला ती एक खोली माहीत होती आणि ती बाग."

चेन्चो तोंडाळ माणूस, सतत थट्टा करणारा, पण बेनितोचं नाव निघालं की अंगणात जाऊन उगाच कोंबड्यांना हाकलत बसायचा.

एउलालियाला एवढंच हवं होतं की एकदा तिथं जाऊन पोरापाशी बसावं. आधी दहा वर्षांची बंदी होती, कारण ती तिकडं चोरून राहिली होती. बंदी संपली तशी तिनं पाहुणी म्हणून जाण्याचा परवाना मागितला. नाकारला. पुढच्या वर्षी पुन्हा मागितला, पुन्हा नाकारला. जी बाई एकदा राहून आली ती परत राहणारच, असं त्यांचं म्हणणं. "कबर बघून परत येते," असं तिनं खिडकीपलीकडच्या माणसाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "सॉरी, सेन्योरा."

मग कुणीतरी सांगितलं की मुलगी तिकडची आहे ना, ती एकवीस वर्षांची झाली की आईबापांना बोलावू शकते. कायमचं. आम्ही चौघं वाहुआपान शहरात एका वकीलबाईंकडं गेलो. बाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. आरासेलीचा जन्मदाखला त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "हा चांगला आहे. पण एवढ्यानं भागत नाही. बोलावणाऱ्याचं घर तिकडं हवं. ती तिकडं राहते, कमावते, कर भरते, हे दाखवावं लागतं. मुलाखतीच्या वेळीसुद्धा विचारतात, मुलगी राहते कुठं? इथं आईच्या घरी राहून आईला तिकडं बोलावता येत नाही."

चेन्चोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे आईबापांना जवळ घ्यायचं तर आधी पोरीनं त्यांना सोडून जायचं?"

"कायदा मी केलेला नाही, काका."

"किती दिवस?"

"दिवस नाही, वर्षं धरा."

आरासेली शिक्षिका व्हायला शिकत होती, शेवटचं वर्ष चालू होतं. डोंगरातल्या पोरांना आमच्या मिश्तेको बोलीत आणि स्पॅनिशमध्ये दोन्हीत शिकवायचं, असं तिच्या मनात होतं. इंग्रजीचे तिला चार शब्द यायचे. आणि एलिआसार होता. तोही तिच्याच वर्गातला, दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याची आई मला 'विहीणबाई' म्हणून चिडवायची.

परतीच्या बसमध्ये एउलालिया मुलीकडं बघतही नव्हती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नको जाऊस. तुझं शिक्षण आहे."

'नको' म्हणूनही 'जा' कसं सांगायचं, ते आयांना बरोबर ठाऊक असतं. आरासेलीलाही कळलं. ती म्हणाली, "परीक्षा झाली की जाते, आई."

चेन्चो त्या दिवशी घरी येऊन बायकोवर पहिल्यांदा ओरडला. "एक पोर तिकडं ठेवलं, आता दुसरंही पाठव! मला नाही जायचं तिकडं. मी काय करू तिथं, परत शिडीवर चढू? माझे गुडघे तरी आता शिडी चढू देतील का?"

"तुला मी म्हटलंय का चल म्हणून?"

"मग काय, मी इथं, तू तिथं? बरं झालं, निदान खारट तरी खावं लागणार नाही."

पण नंतर त्यानंच मुलीची बॅग बांधली. दोरी अशी आवळली की आरासेली म्हणाली, "बाबा, मला ती उघडायचीही आहे."

ती गेली. तिकडं चेन्चोची एक चुलत बहीण राहत होती, तिच्याकडं एका खोलीत सोय झाली. सफरचंदं धुऊन, निवडून पेट्यांत भरायच्या कारखान्यात काम मिळालं. दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि डागाळलेलं फळ बाजूला काढायचं. सुरुवातीला फोनवर रडायची नाही, फक्त प्रश्न विचारायची. कोंबड्या किती आहेत, तिचा सरावाचा वर्ग कुणी घेतला, बाबा औषध घेतात का. एउलालियाचा एकच प्रश्न असायचा, "गेलीस का?"

पहिल्या रविवारी ती गेली. मी एउलालियाच्या शेजारी बसले होते. फोनच्या पडद्यावर नुसतं हिरवं गवत दिसत होतं, जमिनीला टेकलेल्या लहान लहान पाट्या. आमच्याकडं कबरी उंच, रंगवलेल्या असतात. तिकडं सगळं सपाट, यंत्रानं गवत कापायला सोपं जावं म्हणून. आरासेली बराच वेळ फिरत होती. एक पाटी पायानं साफ करायची, वाचायची, पुढं जायची. एउलालिया तिला इथून सांगत होती, "झाडाच्या डावीकडं. मोठं झाड आहे बघ."

"आई, झाड नाहीये. तोडलं वाटतं."

"मग कुंपणापासून मोज. माझी पावलं, तुझी नाहीत. माझी लहान आहेत."

सापडली. पाटीवर चिखल होता, तो तिनं ओढणीनं पुसला. बेनितोचं नाव दिसलं तशी एउलालिया उठून आत गेली आणि मी एकटीच पडद्यासमोर बसून राहिले. आरासेली म्हणाली, "मावशी, मला तो काहीच आठवत नाही गं. मी रडायला हवं ना?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं हवं म्हणून? फुलं ठेव आणि घरी जाऊन गरम काहीतरी खा."

पण ती दर रविवारी जायला लागली. आईला सांगायला म्हणून असेल सुरुवातीला. नंतर सवय झाली.

अर्ज दाखल झाले. आईचा वेगळा, बापाचा वेगळा. मग वाट बघणं सुरू. आरासेलीनं स्वतःच्या नावावर खोली घेतली, कारण पत्ता स्वतःचा असला तर बरं, असं वकीलबाई म्हणाल्या. दरवर्षी कराचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, विजेचं बिल, सगळं ती जपून ठेवायची. एलिआसारनं दोन वर्षं वाट बघितली. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला डोंगरातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि तिथल्याच एका शिक्षिकेशी त्यानं लग्न केलं. मला सांगायला स्वतः आला होता, दारातच उभा राहिला. मी आरासेलीला कळवलं तर ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. त्यानं मला आधीच विचारलं होतं, परत कधी येतेस. मला सांगताच आलं नाही."

मग साथीचं वर्ष आलं. कचेऱ्या बंद झाल्या, मुलाखती थांबल्या. गावात दर आठवड्याला कुणाच्या तरी मयताची घंटा वाजायची. आमचं घर त्यातून वाचलं, पण साथ ओसरल्यावर एका सकाळी चेन्चो विहिरीवर वाकला तो तिथंच आडवा झाला. अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. ज्या माणसाचं तोंड दिवसभर बंद नसायचं, त्याच्या घशातून नुसता आवाज यायचा आणि त्यातला एकच शब्द आम्हाला कळायचा. "सेली." लाडानं तो मुलीला सेली म्हणायचा.

आरासेली आली. तिकडची नागरिक, तिला यायला-जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. सुट्टी टाकून आली, बापाच्या खाटेशेजारी चटई टाकली. ती त्याला मक्याच्या पिठाचं पातळ अतोले चमच्यानं भरवायची, त्याचा वाकडा हात तेल लावून चोळायची. त्याला वर्गात पोरांना शिकवतात तसे शब्द शिकवायची. पा-णी. कों-ब-डी. तो तिच्या ओठांकडं टक लावून बघायचा. महिना संपता संपता तो 'पाणी' म्हणायला लागला. मला वाटलं, ही राहिली तर हा माणूस उठेल.

तिलाही तसंच वाटत होतं. एका दुपारी आम्ही तिघी चुलीपाशी होतो. एउलालिया तव्यावर तोर्तिया टाकत होती. आरासेली म्हणाली, "आई, मी नाही जात. बाबांना बरं वाटेपर्यंत राहते."

"किती दिवस?"

"सहा महिने. वर्ष. लागेल तेवढं."

एउलालियानं तोर्तिया उलटली. "वकीलबाईंना विचारलंस?"

"विचारलं. कारखाना जागा धरून ठेवणार नाही. खोली सोडावी लागेल. आणि मुलाखत आली तेव्हा मी इथं असेन तर ते म्हणतील मुलगी तिकडं राहतच नाही. मग सगळं पहिल्यापासून."

"मग झालं तर."

"काय झालं?"

"जा तू. बापाकडं मी आहे, हेर्मिनिया आहे."

आरासेली उठून उभी राहिली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आई, बाबा जिवंत आहेत. आत खाटेवर आहेत. ऐकू येतं त्यांना. बेनितो मेलाय, त्याला एक वर्ष जास्त थांबलं तर काय होणार आहे?"

"त्याचं नाव नीट घे."

"घेते की! दर रविवारी घेते. थंडीत, बर्फात उभी राहून घेते. तुला दोन मुलं झाली होती ना? मग मी कोण? मी कोण आहे तुझी, तुझा पत्ता?"

तव्यावरची तोर्तिया जळली, धूर झाला, तरी एउलालियानं हलवली नाही. मीच उठून काढली. मी म्हटलं, "पोरगी बरोबर बोलतेय, एउलालिया." तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "एवढी वर्षं गेली. आता एक वीत राहिलीय. एवढ्या एका वितीकरता सोडू?"

आतून चेन्चोचा आवाज आला. आरासेली गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "बाबा जा म्हणताहेत," ती म्हणाली. 'जा' हा शब्द त्याला तेव्हा येत नव्हता, हे मला माहीत होतं. त्यानं हातानं दाखवलं असेल. किंवा तिनं ठरवलं असेल. मी विचारलं नाही.

ती निघाली तेव्हा त्यानं तिचं बोट धरलं होतं. चांगल्या हातानं. ते सोडवताना तिला फार वेळ लागला.

ती गेल्यावर चेन्चोनं शब्द शिकणं सोडलं. मी प्रयत्न केला, पण मी शिक्षिका नाही. मी टोप्या विणणारी बाई. कोंबडी म्हण म्हटलं की तो तोंड फिरवायचा. उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि तो गेला.

उन्हाचे दिवस, दुसऱ्याच दिवशी पुरावं लागलं. आरासेली तीन विमानं आणि दोन बसेस बदलून आली तोवर माती झाली होती. आमच्याकडं नऊ दिवस जपमाळ चालते, नवव्या दिवशी चुन्यानं काढलेला जमिनीवरचा क्रूस उचलतात आणि कबरीवर नेतात. तो उचलायला ती होती. वाकली, ओंजळीत चुना घेतला आणि तिथंच बसून राहिली. बायका जप म्हणत थांबल्या. एउलालिया पुढं झाली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. आरासेलीनं खांदा काढून घेतला. सगळ्यांसमोर. मग चुना बशीत घातला, उठली आणि सगळ्यांना हवं तसं सगळं केलं. मोले वाढला, मेस्कलची दारू ओतली, पाहुण्यांना दारापर्यंत पोचवलं.

आम्हाला वाटलं आता ती तिकडचं सोडेल. पण जाताना एवढंच म्हणाली, "आता अर्धवट सोडलं तर बाबा फुकटच गेले."

मुलाखतीचं बोलावणं त्याच वर्षी शरदात आलं. सरहद्दीवरच्या सिउदाद ख्वारेसला, त्यांच्या वकिलातीत, मी एउलालियासोबत गेले. तीन दिवस हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघी म्हाताऱ्या, खाली रस्त्यावर सगळे असेच लोक, हातात फायली धरून. तिची तपासणी झाली, सुया टोचल्या. मुलाखतीला एकटीलाच आत सोडलं. बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं.

खिडकीपलीकडं एक तरुण बाई होती. तिनं विचारलं, मुलगी कुठं राहते? एउलालियानं गाव सांगितलं, रस्ता सांगितला, खोलीचा क्रमांक सांगितला. कधीपासून? तेही सांगितलं. मग त्या बाईनं विचारलं, "आणि तुम्ही तिकडं कुणाजवळ राहणार?"

"मी म्हटलं, मुलाजवळ," एउलालिया म्हणाली. "तोंडातून निघून गेलं गं. ती कागद चाळायला लागली. म्हणाली, मुलगा? इथं मुलाचं नाव नाही. तो कुठं राहतो? मी म्हटलं, कबरस्तानात."

"मग?"

"तिनं पेन उचललं. मग म्हणाली, म्हणजे मुलीजवळ राहणार असं लिहिते. मी म्हटलं लिही बाई."

परवाना मिळाला.

ती ऑक्टोबरच्या शेवटी तिकडं पोचली. आरासेलीनं घरामागच्या पट्टीत झेंडू लावला होता. पुढं जे झालं ते मला आरासेलीनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज मऊ झाला होता, म्हणून मी ते विसरले नाही. एउलालिया सकाळी कबरस्तानात गेली, गवतावर बसली आणि पाटीवर तळहात ठेवला. रडेल असं आरासेलीला वाटलं होतं. ती रडली नाही. फार वेळानं तिनं विचारलं, "ह्याच्या शेजारी कोण आहे?"

आरासेलीनं बाजूची पाटी वाचली. कुणी तिकडचीच म्हातारी होती, नव्वद वर्षांची होऊन गेलेली.

"कधी गेली?"

"बेनितोच्या पुढच्याच वर्षी."

"म्हणजे एवढी वर्षं त्याच्याजवळ एक म्हातारी होती," एउलालिया म्हणाली. मग तिनं अर्धी फुलं उचलून त्या परक्या बाईच्या पाटीवर ठेवली आणि तेव्हा तिला रडू फुटलं. दिवस मावळेपर्यंत दोघी मायलेकी तिथं बसल्या. आरासेली मला म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी तिला माफ केलं. निदान मला तसं वाटलं."

एउलालिया हिवाळाभर तिकडं राहिली. मग चेन्चोचं वर्षाचं करायला ती इकडं आली. तिकीट जायचं-यायचं दोन्हीकडचं होतं. वर्षाचं झालं. परतीचा दिवस आला आणि ती कपडे भरायलाच बसेना. दोन-चार वेळा तारीख पुढं ढकलली. मग आरासेलीचा फोन आला, मी जवळच होते.

"आई, वकीलबाई म्हणतात फार दिवस बाहेर राहिलीस तर इथं कायम राहायचं कार्ड जाईल. तुझं घर आता इकडं आहे असं धरतात ते. अधूनमधून जाऊन येता येतं, पण राहायचं इकडंच."

"जाऊ दे कार्ड."

"काय म्हणालीस?"

"चेन्चो इथं एकटा आहे, सेली. त्याच्या कबरीवर दिवा लावायला कुणी नाही."

"मावशी आहे."

"ती त्याची बायको नाही. मी बेनितोला भेटले. आता माझ्या मनात ते नाही राहिलं. त्याच्याजवळ तू आहेस. इथं चेन्चोजवळ मी राहते. असं दोघींनी वाटून घेऊ."

आरासेलीनं जे म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. ओरडली नाही. अगदी सावकाश म्हणाली, "आई, म्हणजे तू मला त्याच्यापाशी ठेवून गेलीस. त्याला सोबत म्हणून."

"तसं नाही गं."

"बाबा आजारी होते तेव्हा तू मला तिथं राहू दिलं नाहीस. आणि आता म्हणतेस, जाऊ दे कार्ड."

एउलालियानं फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला तर पलीकडं नुसता श्वास होता, मग फोन कट झाला.

त्यानंतर सहा-सात महिने मायलेकी बोलल्या नाहीत. मी दोघींमध्ये निरोप्या झाले. ती विचारायची, आईचं ब्लडप्रेशर कसं आहे. ही विचारायची, पोरगी जेवते का. कारखान्यात यंत्र चालवणारा ओब्दुलिओ नावाचा ग्वातेमालाचा एक माणूस होता. त्याच्याशी आरासेलीनं लग्न केलं. आईला कळवलं ते मीच. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचं नाव नोएमी ठेवलं. आमच्या घरात त्या नावाचं कधी कुणी नव्हतं.

नोएमी रांगायला लागल्यावर आरासेली तिला घेऊन आली. दहा-बारा दिवस राहिली. बापाच्या कबरीला निळा रंग दिला, स्वतःच्या हातानं, गुडघ्यांवर बसून. आईशी बोलायची, पण पाहुणीसारखी. "आई, पाणी तापलं का?" "आई, हे कुठं ठेवू?" एउलालिया नातीला आंघोळ घालायची, तिचे पाय चोळायची. पोरगी हसायची तेव्हा दोघी एकाच वेळी हसायच्या आणि मग एकमेकींकडं बघायचं टाळायच्या.

निघायच्या सकाळी आरासेली बॅग भरत होती. एउलालिया दारात उभी होती. ती म्हणाली, "राहा ना अजून."

मी हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती आरासेलीला 'राहा' म्हणालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

आरासेलीनं वर बघितलं नाही. ती पोरीची दुपटी घडी करत राहिली. "तेव्हा म्हणायचं होतंस, आई," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आता नाही जमत. ओब्दुलिओ एकटा आहे. शिवाय कारखान्याचा हंगाम सुरू होतोय."

"बरं," एउलालिया म्हणाली. "मग निदान खाऊन तरी जा."

तिनं घाईघाईनं मक्याच्या पानांत उकडलेले तमालेस गरम केले. आरासेलीनं दोन खाल्ले, नोएमीला बोटावर थोडं चाटवलं. बस आली. आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो. पोरगी झोपली होती, त्यामुळे हात हलवायला फक्त आरासेलीच होती, तिनं एकदा हलवला.

आता रविवारी फोन येतो. मायलेकी बोलतात. हवा कशी आहे, पोरीला दात आले का, इकडं पाऊस किती झाला. एउलालिया कधी विचारत नाही की बेनितोकडं गेलीस का. आरासेली कधी सांगत नाही. ओब्दुलिओनं मला एकदा सांगितलं की ती अजून जाते, पोरीला घेऊन जाते. मी ते बहिणीला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. तिनं मान हलवली, जळतं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "थंडीत पोरीला टोपी घालते का विचार."